छबूबाईंची फ्लॉपी

भीमराज गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी छबूबाई फ्लॉपी घेऊन वृषालीच्या भिंगारच्या दुकानात आल्या. त्या तिसगावपलीकडच्या एका लहानशा गावच्या सरपंच. गावात आठवीचा वर्ग हवा होता. सातवी झाली की मुली घरी बसत. तसा अर्ज आज पाचच्या आत नगरला जिल्हा परिषदेत द्यायचा होता.

"पुतन्यानं पुन्यात टाइप केलाय. तुमी फकस्त छापून द्या, ताई."

फाइल उघडेना. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर नवं वर्ड होतं, वृषालीच्या कॉम्प्युटरवर जुनं. नव्यातलं जुन्याला कळत नव्हतं. तिनं नुसता मजकूर तेवढा उघडून पाहिला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुसा. पुतण्याचा मराठी फॉन्टही तिच्याकडे नव्हता.

"मावशी, कच्चा कागद आहे?"

"त्यो पुन्यातच ऱ्हायला. एकतीस पोरींची नावं हायेत त्यात, वयं हायेत. मला कुठली पाठ?"

वृषालीनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

प्लायवूडच्या पार्टिशनमागून तिचे वडील भीमराज पुढे आले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले टायपिस्ट. त्यांचं मराठी मशीन पार्टिशनमागे असे. 'कॉम्प्युटर'च्या पाटीखाली ते बरं दिसत नाही म्हणून वृषालीनंच मागे ठेवायला लावलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याजवळ वाकले. त्यांची बोटं हवेत हलायला लागली.

"वृषे, हे आपल्या मशीनच्याच कळांनी बडवलंय. इंग्रजी डी जिथं, तिथं आपला क. आहे तसं काढून दे मला."

"इंग्रजीतच?"

"इंग्रजी बघायचं, मराठी मारायचं. सोपं हाय."

तिनं तो भुसा छापून दिला. मागून खटखट सुरू झाली. मध्येच थांबली.

"ह्या पोरीचं पहिलं अक्षर गेलंय. तारका का द्वारका?"

"विचारू का मावशींना?"

"नको. तिसगावकडं तारका कोन ठेवतंय? द्वारकाच." खटखट पुन्हा सुरू.

बाहेरून छबूबाई म्हणाल्या, "तुमचा प्रिंटर लई आवाज करतो की वो, ताई!"

मागची बोटं थांबली.

"जुना आहे, मावशी," वृषाली म्हणाली.

क्षणभरानं बोटं पुन्हा चालू झाली.

सव्वाचारला दोन्ही पानं तयार होती. छबूबाईंनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. "कसं ठसठशीत उठलंय! कॉम्प्युटर त्यो कॉम्प्युटरच."

पार्टिशन तीन हातांवर होतं. वृषाली म्हणाली, "निघा मावशी, उशीर होईल." छबूबाई रिक्षात बसल्या.

कुलूप लावताना भीमराज हसत होते. "कचेरीत लई नावं ठेवली लोकांनी. प्रिंटर कुनी म्हनलं नव्हतं." घरी त्यांनी ही गंमत बायकोला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा छबूबाईंच्या आवाजात. एक भाकरी जास्त खाल्ली. पहाटे ते उठले नाहीत.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि वृषालीनं दुकान उघडलं. पुढच्या आठवड्यात छबूबाई आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"येळेत घेतला बगा अर्ज. सायब म्हनले, एवढा स्वच्छ कागद कुनी आनला न्हाई. आता पान्याच्या टाकीचा लिवायचाय. पर त्याच प्रिंटरवर काढा."

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती. वृषालीनं हातातलं काम खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"मावशी, तो प्रिंटर नव्हता. मागे माझे बाबा टाइप करत होते. जिल्ह्यात तसा टायपिस्ट नव्हता."