शिल्लक गोळ्या

अक्काताईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि क्रांती खुर्चीतच ताठ झाली. गोळ्यांच्या आठ बाटल्या, महिन्याला एक अशा. आठही भरलेल्या, झाकणाचं सीलसुद्धा न तोडलेल्या.

एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या त्या सरकारी केंद्रात क्रांती बारा वर्षं समुपदेशक होती. गोळ्या चुकवणारा माणूस ती दारातच ओळखायची, आणि तसा तिला अभिमानही होता. उचगावच्या अक्काताईंवर तिनं कधी संशयच घेतला नव्हता. त्यांच्या उरलेल्या गोळ्या मोजायची तिला गरजच वाटली नव्हती. पण रक्ताचे लागोपाठ दोन अहवाल वाईट आले. विषाणू औषधाला दाद देईनासा झाला होता. डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "आता दुसरं औषध देऊ. पण हेही अर्धवट घेतलं, तर तेही निकामी होईल. मग आपल्या हातात फार थोडं उरेल." म्हणून तर क्रांतीनं घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन बोलावलं होतं.

तिची नजर अक्काताईंसोबत आलेल्या सुनेकडे वळली. रूपाली भिंतीला टेकून मोबाइल चाळत उभी होती. क्रांतीला सगळा उलगडा झाला. घरात पैपाहुणे, शेजारपाजार, रोगाची लाज. असल्या सुना तिनं ढिगानं पाहिल्या होत्या.

"चार लोकांत कळू नये म्हणून सासूचा जीव घेणार का गं तू?"

रूपालीचे डोळे भरून आले. "मी काय केलं, म्याडम? आत्तींच्या गोळ्यांना मी हात बी लावत न्हाय. त्यांचं त्याच बघत्यात."

"मग या बाटल्या कुणी लपवल्या?"

"लपवतंय कशाला कोण?" अक्काताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत. "माझ्याच हायत. चार गेल्या साली उरल्या, चार औंदा. सरकारी वस्तू, टाकायची कशी? कपाटात जपून ठेवलत्या."

क्रांतीनं पेन खाली ठेवलं. "कुठले चार महिने?"

"चातुर्मासातलं. गेल्या साली गावात मुनी महाराज आलतं, त्यांच्यासमोर नियम घेतला. दर साली हे चार महिने, दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब न्हाय. मग रातची गोळी गिळायची कशी?"

क्रांतीला रूपालीकडे बघवेना. पोरीला उगीचच फाडून खाल्लं होतं. पण जीवही भांड्यात पडला होता. कारण सापडलं होतं, उपाय सोपा होता आणि नवं औषध शेजारच्या खिडकीवर तयार होतं.

"अहो अक्काताई, मग त्या दिवसांत सकाळी घ्यायची की. दिवसाउजेडी, जेवणावर. काय बिघडलं असतं?"

अक्काताईंनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. एवढी शिकलेली बाई, आणि असं विचारते.

"सकाळी कशी घीन? अकरा वर्षांमागं ह्याच खुर्चीत बसून तुम्हीच सांगितलतं की, काय बी झालं तरी रातच्या नऊची वेळ बदलायची न्हाय. म्हणून गोळीच सोडली." त्यांनी रिकाम्या पिशवीची नीट घडी घातली. "नियम महाराजांचा बी मोडला न्हाय, आन् तुमचा बी."