डाव्या कानातला बेशीर

चार्जरवर दोन हिरवे दिवे.

हरिसाचा, मिरचीच्या चटणीचा डबा उघडताना पत्र्याने कापलेला बेशीरचा अंगठा.

फाटकाबाहेर ऑलिव्हच्या झाडाखाली एक म्हातारा. मांडीवर मुलीची पांढरी चप्पल.

भिंतीवरचा कागद : दर पंधरा मिनिटांनी दोन ठोके. लागोपाठ दोनदा चुकले, तर माणसं पकडली गेली असं समजावं. मोहीम रद्द.

"आला," दोर्रा म्हणाली.

मेजर शादलीने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. दोर्राने वहीत रेघ ओढली. तिच्या उजव्या कानात शत्रूचा वायरलेस होता, डाव्यात आपली माणसं. बोलणं बंद, बेशीरने डोंगरावरून बटण दोनदा दाबायचं, एवढंच. त्याचा अर्थ : आम्ही सुखरूप आहोत, नर्स अजून घरातच आहे. ठोके इतके बारीक की कानाला घट्ट लावल्याशिवाय ऐकू येत नसत.

बेशीर आणि तिघे जण पहाटेपासून बकऱ्यांच्या मोकळ्या गोठ्यात दबा धरून होते. खाली दगडी घर. चार दिवसांपूर्वी दवाखान्यातून उचललेली नर्स मबरूका त्या घरात टोळीच्या जखमी म्होरक्याच्या जखमा बांधत होती. सूर्य बुडाला की तिला अल्जीरियाच्या हद्दीपार नेणार, हे दोर्रानेच काल ऐकलं होतं.

"दोर्राताई, द्या इकडे," कॉर्पोरल कैस म्हणाला. "दोन घास खाऊन घ्या. सकाळपासून उठला नाहीत."

"तुझा कान जड आहे."

"माझी आईही तेच म्हणते. पण ती कामं सांगते तेव्हा."

"मग माझंही ऐकू नकोस. जा, चहा आण."

कैस हसत गेला. दोर्राने गळ्यातला रुमाल काढून चार्जरवर टाकला. "दिवे डोळ्यांत येतात," ती म्हणाली.

साडेबारा. "आला."

पाऊण. पेन्सिल वहीवर टेकलेली, पण हलत नव्हती. शादलीच्या मानेवर घाम आला. हेलिकॉप्टरजवळ अठरा जण बसले होते, निम्म्याहून अधिक लेकुरवाळे. बेशीर पकडला गेला असेल, तर त्या दरीत त्यांची वाटच पाहिली जात असेल.

"आला. वीस सेकंद उशीर. दुसरा ठोका ओढून. अंगठा दुखतोय त्याचा."

शादलीने श्वास सोडला. त्या वीस सेकंदांनी त्याला धीरच आला. गोठ्यात पडलेला, घामेजलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेला बेशीर त्याला समोर दिसला.

"शत्रू काय म्हणतोय?"

"भांडतायत. रश्श्यात मीठ कुणी जास्त टाकलं यावरून."

"म्होरका?"

"ताप उतरलाय म्हणे. पोरीचा हात हलका आहे म्हणतायत."

दोन वाजता शादली फाटकापर्यंत जाऊन आला. मबरूकाचा म्हातारा बाप तय्यब उठून उभा राहिला.

"काका, घरी जा. इथं ऊन आहे."

"तिकडे पण ऊनच असेल ना, मेजरसाहेब? ती अनवाणी आहे."

शादली माघारी वळला.

तीन वाजता निर्णय घ्यायचा होता. तो दोर्राच्या खुर्चीमागे उभा राहिला. "बेशीरला विचार, दारावर पहारेकरी किती? तेवढे ठोके दे म्हणावं."

"नाही विचारणार."

कैसने चहाचा पेला अर्ध्यातच थांबवला.

"काय म्हणालीस?"

"माझा आवाज त्याच्या सेटमधून बाहेर पडेल, सर. खाली चाळीस पावलांवर माणसं आहेत. आपण बोलायचं नाही, हा नियम तुमचाच. सकाळी सातला त्याने ठरल्याप्रमाणे तीन ठोके दिले होते. तीन पहारेकरी. तोच आकडा धरा."

ती मागे वळली नाही. तिची मान ताठ होती. शादलीला राग आला, आणि लगेच बरंही वाटलं. माणसं जपणारी बाई आहे, तो मनात म्हणाला.

"दोर्रा, तुझ्या शब्दावर अठरा जणांना पाठवतोय. बेशीर आहे ना?"

"आहे, सर."

"नर्स?"

ती उजव्या कानाशी हात नेऊन क्षणभर थांबली. "घरात आहे."

साडेतीनला हेलिकॉप्टर उडालं.

पुढच्या बावीस मिनिटांत खोलीत कुणी बसलं नाही. मग दोर्राच्या उजव्या कानात ओरडा झाला, गोळ्या झडल्या, आणि मग काहीच नाही. दोर्राने डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते. अखेर टेबलावरच्या कर्ण्यातून हेलिकॉप्टरच्या पायलटचा आवाज आला : "बाई मिळाली. सगळे आहेत. गोठ्यातले चारही. एकाच्या पायाला गोळी, पण शिव्या खणखणीत देतोय."

कैसने आनंदाने पेला आपटला आणि फोडला.

संध्याकाळी मबरूका फाटकाशी उतरली. तय्यबने आधी तिच्या पायात चप्पल घातली, मग तो रडला.

बेशीर खोलीत आला तो चिखलाने माखलेला. त्याने सेट दोर्रापुढे ठेवला. तिची वही उघडीच होती. त्याने ती वाचली. रेघा, वेळा, 'वीस सेकंद उशीर'. त्याने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं.

"तुझ्या या अंगठ्याने ती पोरगी घरी आली, बेशीर," शादली त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "एकही ठोका चुकला नाही."

बेशीरने दोर्राकडे पाहिलं. ती रुमालाची घडी घालत होती, घडी काही नीट बसत नव्हती.

"हो, सर," तो म्हणाला आणि त्याने वही मिटली. "अंगठा फार दुखला."

हिरवे दिवे लागले की भरलेल्या बॅटऱ्यांची जोडी चार्जरवरून काढून रबरबँडने बांधायची, ही तुकडीची रीत होती; बांधलेली जोडी कुणी तपासत नसे. पहाटे दोनला दोर्राने चुकून कालची वापरलेली जोडी बांधून बेशीरच्या हातात दिली, आणि त्याचा सेट सकाळी सव्वासातला बंद पडला.