ऑफिसातल्या गीताबाई

"सर म्हणायचं. विसरशील हं," श्रीकांतनं पुन्हा बजावलं.

"वर्षभर फोनवर सरच म्हणून राहिली ना मी?" गीताबाई टेबलावर फडकं फिरवत म्हणाल्या. "तूच आई म्हणू नको म्हणजे झालं."

सदर बाजारातली ही खोली म्हणजे श्रीकांतच्या मित्राचा कोचिंग क्लास. रविवारी बंद असतो, म्हणून एका दिवसापुरती मागून घेतलेली. बाक गच्चीवर गेले होते, फळ्यावर कॅलेंडर आलं होतं आणि दाराशी टेबल मांडून त्यामागे श्रीकांतची आई बसली होती, ठेवणीतली साडी आणि कालच घेतलेल्या नव्या चपला घालून. कांचघर मोहल्ल्यातल्या घरी एकटा बसून कॉम्प्युटरचा सल्ला देणाऱ्याला मोठं काम कोण देणार? म्हणून त्यानं एक दुसरा फोन घेऊन आईच्या हातात दिला होता. भाजी फोडणीला टाकता टाकता गीताबाई 'नमस्कार, श्रीकांत कन्सल्टन्सी' म्हणायच्या, 'सर मीटिंगमध्ये आहेत' म्हणायच्या आणि सर शेजारच्या खोलीत जेवणाची वाट बघत असायचे. दोघांनाही मोठी गंमत वाटायची. धंदा मात्र त्या फोनवरच वाढला.

आज गंमत वाटत नव्हती. नागपूरचे बापूसाहेब यायचे होते. त्यांच्या सगळ्या कोल्ड स्टोरेजचं काम द्यायला ते तयार होते, पण एकट्यादुकट्या माणसाला काम देत नाही, ऑफिस बघीन आणि मगच सही करीन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. हे काम मिळालं तर खरं ऑफिस घेता आलं असतं. शहराबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडल्याचा त्यांचा फोन मघाशीच येऊन गेला होता.

बापूसाहेब जिना चढून धापा टाकत आले. हातात संत्र्यांची टोपली होती. श्रीकांतनं हात पुढे केला, तर ते त्याला ओलांडून थेट टेबलापाशी गेले.

"तुम्हीच ना गीताबाई? ही तुमच्यासाठी."

"कशाला जी एवढं..."

"राहू द्या. त्या दिवशी कॉम्प्युटर बिघडून माझा सगळा कारभार बंद पडला होता, फोनवर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. तुम्ही काय म्हणाल्या? आधी पाणी प्या भाऊ, मग सांगा. पाणी प्यायलो आणि तेव्हाच ठरवलं, काम यांनाच द्यायचं."

"गीताबाई, दोन चहा सांगा," श्रीकांत म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं आईला नावानं हाक मारली होती. आवाज जरा जास्तच साहेबी लागला.

"तीन सांगा," बापूसाहेब म्हणाले आणि त्यांनी तिसरी खुर्ची ओढली. गीताबाई बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

करार वाचून झाला. बापूसाहेबांनी पहिल्या प्रतीवर सही केली आणि मान वर केली.

"बाई, मुलगा काय म्हणतो तुमचा? फोनवर सांगत होत्या ना, लई हुशार आहे म्हणून."

श्रीकांत दचकला. आई फोनवर आपल्याबद्दल बोलते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"चांगलं चालून राहिलं त्याचं," गीताबाई म्हणाल्या.

"मग या वयात नोकरी काहून करता? विचारत नाही का तो तुम्हाला?"

"विचारतो जी! खूप विचारतो." गीताबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पण इथं सर एकटे पडतात ना."

आता सांगावं, श्रीकांतला वाटलं. ही माझी आई आहे, एवढंच तर म्हणायचं. बापूसाहेब हसले असते, कदाचित उठूनही गेले असते. त्यानं तोंड उघडलं आणि करारावर नजर गेली. दुसऱ्या प्रतीवरची सही अजून बाकी होती. त्यानं ती प्रत पुढे सरकवली.

सही झाली. नवं काम मिळालं की घरातल्या मोठ्यांच्या पाया पडायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. इथं मोठे बापूसाहेब होते, म्हणून तो त्यांच्यापुढे वाकला. ते मागे सरले.

"माझ्या कशाला? यांच्या पडा. आईच्या वयाच्या आहेत."

या पायांवर श्रीकांत परीक्षेच्या आधी, गाडीत बसायच्या आधी, कितीदा सहज वाकला होता. आज गुडघे वाकेनात. शेवटी तो वाकला, तेव्हा त्याला दिसलं की नव्या चपलेनं तिची टाच सोलून निघाली आहे. सकाळपासून ती त्याबद्दल काही बोलली नव्हती.

गीताबाईंनी पाय मागे घेतले. "राहू द्या सर. काहून लाजवता?"

बापूसाहेब खूश झाले. "संस्कार चांगले आहेत हो तुमच्या सरांवर. आईनं मन लावून वाढवलं असेल."

"असेल जी," गीताबाई म्हणाल्या आणि चहाचे कप उचलू लागल्या.

बापूसाहेब जिना उतरून गेले. श्रीकांत करार हातात धरून तसाच उभा होता. त्याला स्वतःची अशी लाज कधीच वाटली नव्हती.

"आई," तो म्हणाला.

गीताबाई खिडकीतून खाली बघत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, सर. गाडी अजून खालीच उभी आहे."