थोडीशी काळजी

लंडनच्या हॉस्पिटलात वैजयंतीबाई सारख्या बसत होत्या, उठत होत्या. ह्यूस्टनहून दोघं फिरायला आली आणि तिसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या छातीत कळ आली.

इंग्रज डॉक्टरांनी ताटकळत ठेवल्याबद्दल आधी माफी मागितली, मग हळूच सांगितलं, “आम्हाला थोडीशी काळजी वाटते आहे.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. अमेरिकेत डॉक्टर तोंडावर स्पष्ट सांगतात. इथे तर थोडीशीच काळजी होती. “किती गोड बोलतात हे लोक,” त्या मराठी नर्सला म्हणाल्या.

नर्स जवळ बसली. “काकू, इथे थोडीशी म्हणजे खूप. मुलंबाळं कुठे असतात?”

“मुलगा डॅलसला.”

“त्याला आजच बोलवून घ्या.”

वैजयंतीबाईंनी फोन लावला आणि स्पष्टच सांगितलं, “बाबा वाचतील असं वाटत नाही. लगेच निघ.”