अर्धं ब्लेड

वकिलांचा काळा कोट उलटा करून तिनं मांडीवर घेतला आणि कमरेची शिवण चाचपली. कोट सैल करायचा होता.

"गेल्याच वर्षी केला होता सैल," ती म्हणाली. "वकीलसाहेबांना बऱ्याच केसेस पचलेल्या दिसतात."

समोरच्या मशीनवर बसलेला नवरा एरवी हसला असता. आज त्याचे पाय पॅडलवर चालत राहिले. शेजारी त्याचा चहाचा कप होता, कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला. भाऊजींच्या ऑपरेशनच्या वेळी तो रक्त द्यायला गेला होता. तिथून आल्यापासून हा दोरा होता. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. रात्री तो इथेच, कापड बेतायच्या टेबलावर झोपायचा. खोकला झालाय, तुला लागेल, असं म्हणाला होता. भिंतीपलीकडून तिला त्याचा खोकला कधी ऐकू आला नव्हता.

तिनं पत्र्याची डबी उघडली, अर्धं ब्लेड काढलं आणि टाके उसवू लागली. कापड काळं, दोराही काळा. ब्लेड घसरलं.

"आई गं," ती हळूच म्हणाली आणि बोट तोंडाकडे नेलं.

तो कधी उठला ते तिला कळलं नाही. त्यानं तिचं मनगट धरलं होतं.

"तोंडात घालू नकोस."

"अहो, एवढंसं तर कापलंय. आपल्या धंद्यात रोजचंच."

तो बोटाकडे बघत नव्हता. तिच्या मांडीवरच्या ब्लेडकडे बघत होता.

"हे कुठलं?"

"डबीतलं. सकाळी तुम्हीच नाही का टाकलंत?"

टाकलं होतं. दाढी झाली की ब्लेड पुसायचं, कागदात धरून मधोमध मोडायचं आणि दोन्ही तुकडे तिच्या डबीत टाकायचे. लग्न झाल्यापासून तो हेच करत आला होता. कोऱ्या ब्लेडनं कापडच फाटतं, दाढी करून जरा बोथटलेलं उसवायला बरं, हे तिचंच म्हणणं.

तो तिला मोरीत घेऊन गेला. साबण लावला, बोट नळाखाली धरलं, आणि नंतरही धरूनच राहिला. बोलला तो पाण्याकडे बघत.

"माझ्या रक्तात कावीळ निघालीय. बी म्हणतात ती. डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. नुसती असते."

"कधी कळलं?"

"रक्त द्यायला गेलो तेव्हा. घेतलंच नाही त्यांनी."

नळ चालू होता.

"म्हणून कप वेगळा?"

"हो."

"कपानं होते?"

"नाही. एका ताटात जेवलात तरी होत नाही, म्हणाले डॉक्टर."

"मग कशानं होते?"

"रक्तानं. आणि नवराबायकोत." त्याचे कान लाल झाले. "तुझी तपासणी करायला सांगितलीय. मग लस. ती पुरी होईपर्यंत जपायचं. निरोधचं पाकीटही दिलं त्यांनी."

"कुठंय?"

"माझ्या कोटात. आतल्या खिशात."

"आणि दाढीचं सामान?"

"वेगळं ठेवा म्हणाले. ठेवलंय की. वरच्या फळीवर, तुझा हात पोचणार नाही असं." तो थांबला. "रेझर वर ठेवायचो, आणि ब्लेड..."



"सांगायला काय झालं होतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

"कुठून आली, असं विचारशील म्हणून."

"कुठून आली?"

"मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासूनही असू शकते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपला विश्वास बसतोय की नाही, ते तिला ठरवता येईना.

"मला वाटलं, माझा कंटाळा आला तुम्हाला," ती म्हणाली आणि तिनं नळ बंद केला.

त्यानं दवाखान्यात फोन लावला. पलीकडचं ऐकताना तो नुसता मान हलवत होता, जणू समोरच्याला ते दिसत होतं.

"आत्ताच्या आत्ता या म्हणाले. तुझं रक्त बघतील, लस सुरू करतील, वर आणखी एक इंजेक्शन देतील. लवकर दिलं तर बहुतेक होत नाही."

"बहुतेक."

"हो."

अस्तराची स्वच्छ चिंधी तिनं बोटाला गुंडाळली. कोट झटकून खुंटीला लावला. त्यावर काही दिसत नव्हतं, काळाच होता. मांडीवरून खाली पडलेलं ब्लेड त्यानं कागदानं उचललं, डबीत टाकलं आणि झाकण दाबून बसवलं. मग डबी हातात घेऊन तसाच उभा राहिला. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

तिनं त्याचा कप उचलला. तळाशी निवलेला चहा होता. तिनं तो पिऊन टाकला, कपाच्या कानाचा लाल दोरा सोडला, त्याच्या हातातली डबी घेऊन टेबलावर ठेवली आणि दोऱ्याचे दोन वेढे डबीभोवती घातले. चिंधीच्या बोटानं गाठ बसेना.

"हे टोक धरा जरा."

त्यानं धरलं. तिनं गाठ मारली, घट्ट ओढली. उरलेला दोरा कापायला तिचा हात सवयीनं डबीच्या झाकणावर गेला. क्षणभर तिथेच थांबला.

मग तिनं खाली वाकून दोरा दातांनी तोडला.