विधेयकांची सोडत

सचिवबाईंनी काचेचे भांडे उलटे करून सर्व सदस्यांना दाखवले. ते रिकामे होते. मग घडी घातलेल्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून त्यात सोडल्या. मंत्री नसलेल्या सदस्यांची विधेयके अनेक, त्यांच्या चर्चेसाठी राखलेला दिवस मात्र एकच. म्हणून सोडतीत ज्याचे नाव निघेल त्याचेच विधेयक सभागृहापुढे जावे, अशी पूर्वापार रीत. आज चार नावे निघायची होती.

मास्तर ताठ बसले होते. जुगाराच्या कायद्यात सुधारणा सुचवणारे विधेयक त्यांचे : अड्डा चालवणाऱ्यास जबर शिक्षा, खेळाच्या आहारी गेलेल्यास मात्र तुरुंगाऐवजी उपचार. हे त्यांचे शेवटचे अधिवेशन. आज नाव निघाले नाही, तर विधेयक कायमचे बासनात जाणार होते.

"काय मास्तर," शेजारचे वकीलसाहेब कुजबुजले, "जुगाराला लगाम घालायला निघालात, आणि नशीब आजमावत बसलात!"

"रीत सभागृहाची आहे, माझी नाही. मी जन्मात पत्त्याला हात लावलेला नाही."

पहिले नाव दुसऱ्याच कुणाचे निघाले. दुसरेही. तळहातास घाम फुटल्याचे मास्तरांच्या ध्यानी आले आणि त्यांना मोठे नवल वाटले. एखादे अपरिचित अक्षर लावावे तसा तो हात त्यांनी निरखून पाहिला. भांड्याच्या कडेला एक चिठ्ठी किंचित तिरपी टेकली होती. ती आपलीच, असे मन कशाच्या आधारावर सांगते आहे? नजर मात्र तिथून हलेना.

तिसरी चिठ्ठी निघाली, ती रस्त्यांच्या विधेयकाची.

"जरा जागा बदलता का?" मास्तर हळूच म्हणाले.

"का हो? ऊन येतंय?"

"नाही. या खुर्चीत बसून काही जमत नाहीये."

वकीलसाहेब हसू दाबत उठले. दोघांनी जागा बदलल्या. सचिवबाईंनी चौथी चिठ्ठी उघडली आणि वकीलसाहेबांचे नाव वाचले.

अभिनंदनाची गडबड उडाली. खुर्च्या सरकल्या, सदस्य दाराकडे निघाले. सचिवबाई भांड्यावर झाकण ठेवू लागल्या, तोच मास्तरांचा ओला तळहात भांड्याच्या तोंडावर आडवा आला.

"मॅडम, आणखी एकच काढा," ते म्हणाले. "आता माझीच येणार होती."