थाळी आणायला

रोज पहाटे शाळेच्या मैदानावर लेक थाळीफेकीचा सराव करायची. धुक्यात थाळी अशी तरंगत जायची, की बाबांना वाटायचं, ही आता खाली येतच नाही. मग ते काठी टेकत, ओलं गवत तुडवत ती आणायला जायचे. थाळीला अजून लेकीच्या हाताची ऊब असायची. "म्हातारपणी हमाल केलंस मला!" असं कुरकुरायचे, पण दुसऱ्या कुणाला थाळीला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे पुढे त्यांची काठी घरीच राहू लागली.

यंदा लेकीने शालेय स्पर्धांमधला वीस वर्षांचा विक्रम मोडला. बक्षीस देताना पाहुण्यांनी विचारलं, "एवढं लांब फेकायचं वेड लागलं कुठून?"

लेक पहिल्या रांगेतल्या बाबांकडे बघून हसली.

"डॉक्टर म्हणाले होते, बाबांना रोज थोडं जास्त चालवा. नुसतं चला म्हटलं तर ते ऐकतात होय!"